आठ कोरची थाप

विन्या, परवा गेम चालली. पूर्ण वेगाने, एकदाही न अडखळता. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा शंभरावर गेला आणि तिथेच बसून राहिला. मी सवयीने फोन उचलला, तुझं नाव शोधलं, ते सापडलंही. मग लक्षात आलं की तुला जाऊन सोळा दिवस झालेत.

हे तुलाच लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला लिहून उपयोग नाही. तेरवीला तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ होते. संत्र्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही असं एकजण म्हणाला. आजारपणातही चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही असं दुसरा म्हणाला. हे दुसरं खोटं आहे, मंगळवार-शुक्रवार डायलिसिसहून परतताना तू किती चिडलेला असायचास ते मला माहीत आहे. मी मंडपात मागे उभा होतो. मलाही कुणीतरी म्हणालं, "सिद्धार्थभाऊ, तुम्ही तर कॉलेजपासूनचे दोस्त, दोन शब्द बोला." मी मान हलवून नाही म्हटलं. बोललो असतो तर पहिलं वाक्य हेच आलं असतं की मी या माणसाशी चार महिने खोटं बोललो, तेही एका भंगारातल्या प्रोसेसरवरून.

आपल्या होस्टेलसमोर ते व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, आठवतं ना. चार टीव्ही, चार कन्सोल, आणि घामाचा वास. शनिवारी आपण दोघं मिळून एक तास घ्यायचो. कारची रेस. पडदा मधोमध दुभंगलेला, वरच्या अर्ध्यात तुझी गाडी, खालच्या अर्ध्यात माझी. वीस ट्रॅकांची स्पर्धा होती आणि चौदा झाल्यावर पार्लरच बंद पडलं. मालक सामान विकत होता तेव्हा तू ती डिस्क मागून घेतलीस. मी हसलो होतो, की कन्सोल नाही आणि डिस्क घेऊन काय चाटतो का. वीस वर्षं ती तुझ्या कपाटात वीजबिलांच्या आणि माती परीक्षणाच्या कागदांखाली पडून राहिली.

गेल्या दिवाळीनंतर, डायलिसिस सुरू झालं तेव्हा, तू ती काढलीस. एम्युलेटर हा शब्द मी पहिल्यांदा तुझ्याच तोंडून ऐकला. साध्या संगणकाला जुन्या कन्सोलचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. तुझ्याकडे दर खेपेला चार-चार तास खुर्चीला खिळून पडायचे होते, मोबाईल होता, आणि स्वभाव तर पहिल्यापासून चौकशीखोर. महिनाभरात तू त्यातला पंडित झालास. जुने, स्वस्त प्रोसेसर कोणते, कंपन्यांच्या मोडीत निघालेल्या सर्व्हरमधून कोणते निघतात, ते कोणत्या बोर्डात बसतात, सगळं तोंडपाठ. शेवटी गोष्ट दोनांवर आली. दोन्ही एकाच बोर्डात बसणारे, किमतीत फारसा फरक नाही. एक चार कोरचा, म्हणजे आत काम करणारे चारच, पण वेगाने तेज. दुसरा आठ कोरचा, पण वेगाने त्याच्या जवळपास निम्मा.

आणि आपलं भांडण सुरू झालं.

"अबे, तेवढ्यातच आठ भेटून राहिले त् चार काऊन घेतो?" मी म्हणालो.

"सिद्ध्या, तू नगरपालिकेत काम करतं ना, म्हणून तुले माणसं मोजायची सवय आहे. काम कोण करून राहिला, ते तू पाहातच नाही."

"आठ म्हणजे आठ. डबल."

"आता आयक. एका झाडाले एकच शिडी लागली आहे. तू संत्रा तोडाले आठ मजूर आणले. वर किती चढतीन? एकच. बाकीचे सात खाली बसून तंबाखूचा खर्रा घोटतीन. मग जो एक चढते तोच चपळ पाह्यजे का नाही? गेमचं तसंच आहे. एकाचंच काम असते जास्त. पिक्चर बनवाचा असन त् आठ घे, मी नाही म्हणत नाही."

इतकं सोपं करून सांगितल्यावर कुणालाही कळलं असतं. मलाही कळलं. पण विन्या, तू नेहमीच बरोबर असायचास आणि बरोबर ठरल्यावर एक शब्द बोलायचा नाहीस, हे मला जास्त लागायचं. टोमणा मारला असतास तर परवडलं असतं. मी चुकीचा विषय घेतला तेव्हा तू सांगितलं होतंस. मी ती मुलगी पाहायला गेलो तेव्हाही सांगितलं होतंस. तुझं पांढुर्णा जिल्हा होणार हेसुद्धा तूच आधी म्हणाला होतास, आणि जिल्हा आपल्यालाच मिळेल म्हणून बसलेल्या आमच्या सावसरकरांची तोंडं पडली तेव्हा नुसता गालातल्या गालात हसलास. मला एकदा तरी तुझ्या वरचढ व्हायचं होतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण होतं ते असं होतं.

जानेवारीत तुझ्याबरोबर डायलिसिसला नागपूरला गेलो. तू खुर्चीत पडलास, हाताला नळ्या लागल्या, आणि मी बाजारात गेलो. दुकानदाराने दोन्ही प्रोसेसर काउंटरवर ठेवले. दिसायला सारखेच, बिस्किटाएवढे, एकावर काळ्या शाईने चार लिहिलेलं आणि एकावर आठ. मी आठ उचलला. वाटलं होतं, चालवून दाखवीन, मग सांगीन, आणि तुझं तोंड पाहीन.

परतीच्या गाडीत तू खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास.

"चारवाला घेतला ना बे?"

"हो," मी म्हणालो.

काटोलसुद्धा आलं नव्हतं. तेव्हाच 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? नरखेडपर्यंत तू शिव्या घातल्या असत्यास आणि पुढच्या मंगळवारी आपण तो बदलून आणला असता. पण तुझा चेहरा इतका पांढरा पडला होता की त्यावेळी वाद नको वाटला. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हरायचं नव्हतं.

मशीन माझ्याकडेच ठेवायची हे आधीच ठरलं होतं. तुझ्या घरी लेकीच्या दहावीचा अभ्यास, आणि माझ्याकडे तीन खोल्यांत मी एकटा. वहिनीने तुझ्यासाठी जामसांवलीच्या मारुतीचे शनिवार धरले होतेच, आणि ते मंदिर आमच्या सावसरपासून जवळच. तू तिला मंदिरात सोडणार आणि तिथून माझ्याकडे येणार, आणि आपण पंधराव्या ट्रॅकपासून पुढे सुरू करणार.

मी मशीन जोडली, गेम लावली. कोपऱ्यात आकडा आला, मूळ वेगाच्या एकसष्ट टक्के. गाड्या चिखलातून चालल्यासारख्या. इंजिनाचा आवाज तर जड जेवण करून आडवा झालेल्या माणसासारखा. तुला फोन केला. तुला वाईट वाटलं नाही, उलट उत्साहच आला.

"काही तरी सेटिंग चुकून राहिली. आपण काढू. पण एक आयक, अर्ध्या वेगानं मी खेळणार नाही. गेमचा अपमान आहे तो. शंभर झाले का मले सांग, त्याच शनिवारी येतो."

ही तुझी अट. मी ती अशी ऐकली, की बरं झालं, तोवर तरी येणार नाही. कारण आला असतास तर पहिल्या मिनिटात तुला पडद्यावर आठ कोर दिसले असते.

मग सुरू झाले तुझे फोन. मंगळवारी खुर्चीतून, शुक्रवारी खुर्चीतून, आणि मधल्या दिवशीही मन मानलं नाही की. "जय भीम साहेब, मशीनची तब्येत काय म्हणते?" "राम राम पाटील, तीच. एकसष्ट." तू म्हणायचास, "एक मशीन मले चालवून राहिली, अन् तुयाच्यानं एक मशीन चालत नाही." आणि मग हे बंद कर, ते चालू कर. चित्राचा दर्जा कमी कर. अँटिव्हायरस काढून पाहा. मेमरीच्या पट्ट्यांच्या जागा बदल. मी सगळं करायचो. खरंच करायचो विन्या, नुसतं सांगायचो नाही. चुकीच्या प्रोसेसरवर बरोबर उपाय. एकदा त्रेसष्ट झाले तर तू तिकडे इतक्या जोरात ओरडलास की नर्स रागावली.

एकदा तू टास्क मॅनेजरचा फोटो मागितलास. त्यात प्रोसेसरचं नाव आणि कोर लिहिलेले असतात. मी अर्धा तास खपलो. ट्यूबलाईटचा उजेड नेमका त्या ओळीवर पडेल असा मोबाईल तिरका धरून फोटो काढला आणि पाठवला. तू लिहिलंस, "साहेब, नगरपालिकेच्या नळाचे फोटोबी असेच काढता का?" मी हसण्याचं चिन्ह पाठवलं आणि फोन उलटा ठेवून दिला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एप्रिलमध्ये तुला वाटलं की गरमीने प्रोसेसर मंदावत असेल. मी म्हटलं, कुलरसमोर ठेवतो मशीन. आपल्याकडे कुणालाही हेच सुचतं. तू ओरडलास, "पागल झाला का! कुलरची हवा म्हणजे पाणी. आपल्या इकडचं खारं पाणी, महिनाभरात बोर्डावर पांढरी पुटं चढतीन. कुलरच्या मागं ठेव. कुलर मागून हवा ओढते, ते कोरडी राह्यते." मी मशीन मागे ठेवली. आकडा तोच राहिला, पण धूळ कमी बसू लागली. बरोबर होतास, पुन्हा एकदा.

मी सांगणार होतो, हे तुला खोटं वाटेल. पण एकदा तोंडापर्यंत आणलं होतं. मार्चमध्ये तुझ्या बगीच्यात आलो होतो, मृग बहाराचा शेवटचा तोडा चालू होता. तू झाडाखाली खुर्ची टाकून बसला होतास. एक संत्रा सोललास, शिरा काढल्यास, फोडी माझ्या हातावर ठेवल्यास. तुला संत्रा बंद होता. उभं आयुष्य संत्र्यात गेलेल्या माणसाला डॉक्टरने संत्रा बंद करावा, याच्यावर तू विनोद करायचास आणि मला हसू यायचं नाही. मी खात होतो आणि तू तुझ्या बोटांचा वास घेत होतास. मी म्हणालो, "विन्या, त्या प्रोसेसरचं तुले एक सांगाचं होतं."

"थांब, थांब. मलेच एक नवीन सुचलं आहे." आणि तू सांगायला लागलास. डोळ्यांत पाणी नव्हतं, कंटाळा नव्हता, सुईची भीती नव्हती. ग्राफिक्सचं कुठलंसं कलम बदलायचं, मग आवाजाचं. तू बोटाने मातीत चौकटी काढून दाखवत होतास. मी उरलेली फोड तोंडात टाकली आणि माझं सांगणं राहू दिलं. हे तुझ्यासाठी केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तुझा विरंगुळा कशाला मोडा वगैरे. पण विन्या, खरं आणखी वेगळंच होतं. मला दिवसभर जे फोन येतात ते एकाच कारणाने येतात, नळाला पाणी आलं नाही. आई गेल्यापासून संध्याकाळी माझ्या घरात माझ्याशिवाय कुणी बोलत नाही. मशीन बिघडलेली होती म्हणून कुणीतरी मला रोज विचारत होतं. ती नीट झाली असती तर तू एकदा आला असतास, खेळला असतास, आणि फोन कमी झाले असते. म्हणून मी ती बिघडलेलीच राहू दिली. आधी माज होता, नंतर ही हाव झाली.

मे महिन्यात तुझा आवाज खोल गेला. फोनवर तू दोन वाक्यांमध्ये थांबायला लागलास. तेव्हा मला भीती वाटली आणि मी एका बुधवारी रजा टाकून नागपूरला गेलो. त्याच दुकानातून चारवाला आणला. रविवारी बसवणार होतो. रविवारीच का, त्याच रात्री का नाही? कारण मला तुझ्याकडून एखादी नवी सेटिंग हवी होती. तू शुक्रवारी खुर्चीतून काहीतरी सांगशील, मी रविवारी प्रोसेसर बदलीन, आणि तुला सांगीन की तुझ्या सेटिंगने झालं. म्हणजे तू जिंकशील आणि माझी थापही झाकली जाईल. इतका हुशार मी.

शुक्रवारी पहाटे, गाडीसाठी घरातून निघायच्या आधीच, तू गेलास. वहिनीचा फोन आला तेव्हा मी चहा ठेवला होता. तिने एवढंच म्हटलं, "भाऊजी, या." पांढुर्ण्याला पोचेपर्यंत काय पाहिलं, कोण भेटलं, काही आठवत नाही. गॅस मात्र बंद केला होता, परत आल्यावर पाहिलं.

ती डबी दोन आठवडे टेबलावर होती. परवा रविवारी बसवला शेवटी. जुना काढला, गरमी ओढणारी पेस्ट पुसली, नवी लावली, जसं तू फोनवर शिकवलं होतंस तसं, तांदळाच्या दाण्याएवढी. गेम लावली. शंभर. दुसरं काही बदललं नव्हतं, एकही सेटिंग नाही. पंधरावा ट्रॅक सुरू झाला. ही दोघांची स्पर्धा आहे, एकट्याने खेळताच येत नाही, म्हणून मी दोन्ही रिमोट जोडले होते. खाली माझी गाडी सुटली. वर तुझी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी होती, इंजिन सुरू, आणि ते इंजिन अगदी पार्लरमध्ये वाजायचं तसं वाजत होतं. मी पूर्ण चक्कर मारून तुझ्याजवळून गेलो. दुसरी मारून पुन्हा गेलो. तिसऱ्या चकरेला मी गाडी तुझ्या गाडीशेजारी थांबवली आणि रडलो. चार महिन्यांत नाही, तुझ्या चितेजवळ नाही, तिथे रडलो.

काल पांढुर्ण्याला गेलो. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. वहिनी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं, गाडीतल्या त्या 'हो'पासून. कोर म्हणजे काय हे समजावायचा प्रयत्न केला, शिडीचं तुझंच उदाहरण दिलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, मले त्यातलं काही समजत नाही. एवढंच सांगा, बराबर कोन होतं?"

"तो."

"मग त्यायले सांगाले पाह्यजे होतं ना."

ती सुपातलं निवडत राहिली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "शनिवारी दर्शन झालं का हे लगेच घराकडे निघत नव्हते. मंदिराच्या बाहेर गाडीत बसून तुमाले फोन लावत. झाली का विचारत. तुमी नाही म्हटलं का मग म्हणत, चाल, घरी. एखाद्या वेळी मी म्हटलं, इतक्या जवळ आलो त् जाऊन या ना भाऊजीकडे. म्हणे, नाही, त्याची मशीन झाली नाही, तो खट्टू होईन."

मला वाटायचं तू शनिवारचे फोन दर्शनाहून घरी परतल्यावर करतोस. तू माझ्यापासून काही मिनिटांवर उभा असायचास विन्या. मी खिडकीतून येणाऱ्या तिरक्या उन्हात बसून तुला सांगायचो, नाही रे, नाही झाली अजून, आणि तू गाडी वळवायचास.

तुझं बरोबर होतं. चार कोर, पण वेगाचे. ही कबुली ऐकून ज्याला आनंद झाला असता असा माणूस मला एकच होता, आणि त्याला मी ती दिली नाही. एका शनिवारी फोनवर म्हणायचं होतं, अबे मी आठवाला घेतला, तसाच ये. तू आला असतास. दारातूनच शिव्या घातल्या असत्यास, पडद्याला डोळे लावून आठ कोर मोजले असतेस, वहिनीला फोन करून हसत सांगितलं असतंस. आणि मग अपमान वगैरे सगळं विसरून, आपण दोघं त्या मंद गाड्या घेऊन संध्याकाळपर्यंत खेळलो असतो.